चिंपांझी खूण करतो आणि मग थांबतो, ते थांबणं बघायचं

युगांडातल्या बुडोंगो जंगलात चिंपांझीची आई दुसरीकडं निघायचं म्हटलं की पिल्लाकडं मान वळवते, एक पाय मागं उचलून त्याला तळवा दाखवते आणि थांबते. पिल्लू पळत येऊन अंगावर चढलं की ती चालायला लागते. नाही आलं तर परत तळवा दाखवते, परत वाट बघते. म्हणजे "चल, बस पाठीवर".

एवढंसं दृश्य, पण मला यातलं ते मधलं थांबणं सगळ्यात भारी वाटतं. कारण हालचाल तर कुठलाही प्राणी करतो, कुत्रं शेपटी हलवतं, मांजर पाठ फुगवतं, पण ते मनात जे चाललंय ते आपोआप बाहेर येणं असू शकतं. मुद्दाम कुणाला तरी काहीतरी सांगायचंय म्हणून केलेली खूण वेगळी, आणि ती वेगळी आहे हे ओळखायचं कसं, यावर शास्त्रज्ञांनी खूप वर्षं डोकं लावलंय. प्राण्याला विचारता तर येत नाही. मग ते तीन गोष्टी बघतात. खूण करण्याआधी समोरचा आपल्याकडं बघतोय का हे तो तपासतो का, खूण केल्यावर उत्तराची वाट बघतो का, आणि उत्तर नाही आलं तर परत करतो किंवा दुसरी खूण करून बघतो का. आणि हवं ते मिळालं की खुणा बंद.

आपल्या सोलापूरकरांना हे समजायला अजिबात अवघड नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाच्या कारखान्यात एकदा उभं राहून बघा, मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि कामगारांत कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या मराठी, पण हातानं सगळं चाललेलं असतं, पाणी आण, धागा तुटला, तिकडं बोलवलंय. समोरचा बघत असेल तर नुसता हात हलवतात, पाठ करून उभा असेल तर जाऊन खांद्यावर थाप मारतात. ग्रेट एप्स, म्हणजे बिनशेपटीचे मोठे प्राणी, चिंपांझी, त्यांच्याच जवळच्या नात्यातले बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान, अगदी हेच करतात. समोरच्याची पाठ असेल तर नुसता हात पुढं करून काही उपयोग नाही हे त्यांना कळतं, तेव्हा ते एक तर त्याला हात लावतात, नाहीतर फिरून त्याच्या तोंडासमोर जातात.

(आपल्याकडं देवळाच्या आवारात, शेतात दिसतात ती माकडं आणि वानरं, शेपटीवाली, ती एप्स नव्हेत. भारतात रानात राहणारे एप्स म्हणजे फक्त ईशान्येकडचे गिबन, आणि ते पण लहान एप्समध्ये मोडतात.)

ओरांगउटानवरचा एक प्रयोग मला फार आवडतो, २००७ साली एरिका कार्टमिल आणि रिचर्ड बर्न यांनी प्रसिद्ध केलेला. समोर दोन प्रकारचं खाणं ठेवलेलं, एक आवडीचं आणि एक नावडतं, देणारा माणूस मध्ये. ओरांगउटान खुणा करून आवडीचं मागणार हे उघड आहे. पण माणूस मुद्दाम कधी आवडीच्यातलं अर्धंच द्यायचा, कधी चक्क नावडतं पुढं सरकवायचा. आता गंमत बघा. अर्धं मिळालं की ओरांगउटान तीच खूण परत परत करायचा, म्हणजे "बरोबर कळलंय तुला, उरलेलं पण दे". आणि नावडतं मिळालं की ती खूण सोडून दुसऱ्याच खुणा सुरू करायचा, म्हणजे "तुला कळलंच नाही, थांब, वेगळ्या पद्धतीनं सांगतो". समोरच्याला किती कळलंय याचा अंदाज घेऊन तो आपलं सांगणं बदलत होता. माझ्या मते खुणा मुद्दाम केलेल्या असतात याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणं अवघड आहे.

जंगलातलं मोठं काम बुडोंगोतच झालं. कॅथरीन होबेटर आणि तेच रिचर्ड बर्न, दोघं स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातले, यांनी चिंपांझींच्या ४,५०० च्या वर खुणांचा अभ्यास करून २०१४ मध्ये सांगितलं की ६६ प्रकारच्या खुणा आहेत आणि त्यांतून निदान १९ अर्थ निघतात. अर्थ ठरवायची पद्धत पण किती साधी, समोरच्यानं काय केल्यावर खूण करणारा समाधानानं थांबला ते बघायचं, तोच अर्थ. मोठ्यानं, लांबलचक अंग खाजवलं की "ये, माझ्या अंगातलं साफ कर". पान दातांनी टराटरा फाडलं की ते बहुतेक वेळा नर-मादीचं एकमेकांना खुणावणं.

अंग साफ करण्यावरनं अजून एक. युगांडातच किबाले जंगलात न्गोगो म्हणून जागा आहे, तिथं सिमोन पिका आणि जॉन मितानी यांना दिसलं की नर चिंपांझी स्वतःच्या अंगावर एका ठराविक जागी जोरात खाजवून दाखवतो, आणि साफ करणारा चालू काम सोडून बरेचदा बरोबर त्याच जागेवर येतो. म्हणजे "तिथं नको, इथं"!

आता कुणी म्हणेल की खुणाच का, आवाज का नाही. आवाज पण मुद्दाम काढतात, साप दिसल्यावर ज्याला अजून माहीत नाही त्याच्यासाठी चिंपांझी जास्त ओरडतात हे बुडोंगोतच दिसलंय. पण हाताची लवचिकता वेगळीच. अमेरिकेत व्हिकी नावाच्या चिंपांझीला घरात वाढवून बोलायला शिकवलं, खूप मेहनत करून चारच शब्द जमले, आणि पुढं वॉशू नावाच्या मादीला मूकबधिरांची साइन लँग्वेज शिकवली तर शंभरावर खुणा शिकली. अर्थात त्या माणसानं शिकवलेल्या, मला स्वतःला त्यांच्या त्यांच्या जंगलातल्या खुणा जास्त मोलाच्या वाटतात.

आणि त्या खुणा आपल्याला अगदीच परक्या नाहीत. जर्मनी आणि युगांडातल्या १ ते २ वर्षांच्या मुलांचं निरीक्षण केलं तेव्हा त्यांच्या ५२ खुणांपैकी ४६ चिंपांझींमध्ये पण होत्या. २०२३ च्या एका अभ्यासात तर ५,५०० हून जास्त साध्या लोकांना इंटरनेटवर चिंपांझी आणि बोनोबोंच्या खुणांचे व्हिडिओ दाखवून चार पर्यायांतनं अर्थ निवडायला सांगितला, नुसत्या अंदाजानं २५ टक्के बरोबर आले असते, आले ५० टक्क्यांच्या वर. वेगाचं पण तसंच, एकानं खूण केली आणि दुसऱ्यानं खुणेनंच उत्तर दिलं तर मधलं अंतर सरासरी १२० मिलीसेकंद, माणसांच्या गप्पांमध्ये साधारण २०० असतं.

पण म्हणून त्यांची आपल्यासारखी भाषा आहे असं मी म्हणणार नाही. जवळजवळ सगळ्या खुणा "हे कर" किंवा "हे करू नको" अशाच, दे, ये, जा, थांब, खेळू. काल काय झालं हे कुणी सांगत नाही. म्हणूनच न्गोगोतल्या फिओनाची गोष्ट २०२२ मध्ये आली तेव्हा एवढी चर्चा झाली. फिओना ही मोठी झालेली मुलगी, हातातलं एक पान निरखत बसली होती, आणि तिनं ते पान आईसमोर धरलं. आई बघेना तर अजून पुढं धरलं. आईनं पानाकडं बघितलं तेव्हाच हात मागं घेतला. खायला दिलेलं नाही, काही मागितलेलं नाही, नुसतं "हे बघ" म्हणून. एकाच प्रसंगावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न बरोबर आहे, पण परत परत पुढं धरणं आणि आईनं बघेपर्यंत वाट बघणं व्हिडिओत स्वच्छ दिसतंय.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलात एका टोळीतले नर मादीला बोलवायला बोटांच्या पेरांनी टकटक करायचे. शिकारीमुळं आणि माणसाच्या बाकी त्रासामुळं त्या टोळीतले मोठे नर एकेक करत संपले, आणि नंतर मोठे झालेले नर ती खूण करतच नाहीत, वीस वर्षं झाली तरी परत आली नाही, असा अहवाल २०२५ मध्ये आला. हात त्यांचे तेच आहेत, टकटक करता येत नाही असं नाही, बघून शिकायला कुणी उरलं नाही. पश्चिम आफ्रिकेतले चिंपांझी १९९० ते २०१४ मध्ये साधारण ८० टक्क्यांनी कमी झालेत, तेव्हा कॅमेऱ्यात न आलेल्या अशा अजून किती खुणा त्यांच्याबरोबर गेल्या असतील हे आता कुणालाच मोजता येणार नाही.