पर्यावरणीय वहिवाटीचं विद्यापीठीय नियतकालिक

पर्यावरणाच्या क्षेत्रात हाताने काम करणारी माणसं, म्हणजे वनरक्षक, शेतकरी, शाळेतले मास्तर, नदीच्या पाण्याचे नमुने घेणारे, कचरा वेगळा करणारे, आपल्याच कामाकडे वळून बघत जे ललित अंगाने लिहितात ते छापणारं, एखाद्या विद्यापीठाने चालवलेलं आणि बहुतेक वार्षिक असं प्रकाशन. यात शोधनिबंध नसतात, असलेच तर पाहुण्यासारखे. निबंध, कविता, कथा, मुलाखत, चित्रं, फोटो हाच मुख्य ऐवज. ठळक नमुना म्हणून अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात कीन या गावी असलेल्या अँटिऑक युनिव्हर्सिटी न्यू इंग्लंडचं 'होल टेरेन' सांगतात, ते १९९२ साली सुरू झालं. दर अंकाला एक विषय आणि सगळं लेखन त्या विषयाभोवती. साधारण आपल्याकडच्या विशेषांकासारखं, फक्त इथे दर अंक विशेषांकच.

नाव. मराठीत पहिली अडचण नावाचीच येते. मूळ इंग्रजीत 'एन्व्हायर्न्मेंटल प्रॅक्टिस' असा शब्द आहे आणि त्यातल्या प्रॅक्टिसला मराठीत काय म्हणायचं यावर एकमत नाही. 'आचरण' म्हटलं की सोवळ्याओवळ्याचा वास येतो. 'व्यवहार' म्हटलं की पैशाचा. 'सराव' क्लासमधला, आणि नुसतं 'प्रॅक्टिस' ठेवलं तर डॉक्टर-वकिलांचीच आठवण होते. या नोंदीत 'वहिवाट' वापरलाय. हा शब्द जमिनीच्या कागदांत आणि देवळाच्या भांडणांत जन्मभर ऐकलेला, वापरून वापरून जो हक्क किंवा जी रीत पडते ती वहिवाट, मग महाराष्ट्रात सातबारा असो की गोव्यात एक-चौदाचा उतारा. यावर आक्षेप असा की वहिवाट ही विचार न करता चालत आलेली असते आणि या नियतकालिकांचा सगळा जोर तर विचार करण्यावर आहे. आक्षेप बरोबरच आहे, पण म्हणूनच मूळ इंग्रजी नावातही प्रॅक्टिसच्या आधी 'रिफ्लेक्टिव्ह', म्हणजे वळून विचार करणारी, असं विशेषण जोडावं लागलं ना. मराठीत 'डोळस वहिवाट' म्हटलं की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. 'पर्यावरण' की 'परिसर' हा जुना वाद इथे घेत नाही, पर्यावरण आता सरकारी शिक्क्यापासून शाळेच्या वहीपर्यंत सगळीकडे पोचलाय.

एक गोंधळ मात्र आधीच निस्तरावा. 'एन्व्हायर्न्मेंटल प्रॅक्टिस' याच नावाचं एक वेगळं नियतकालिक अमेरिकेतल्या पर्यावरण व्यावसायिकांच्या संघटनेने काढलं होतं. त्यात आघात मूल्यमापन, परवाने, कायदे असा मजकूर, साहित्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि नुसत्या नावावरून शोधणारे हमखास तिथे जाऊन पडतात.

उगम. याविषयी तीन मतं दिसतात. पहिलं मत निसर्गलेखनाच्या परंपरेचं. इंग्लंडच्या सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याची पक्षी-किडे-पाऊस यांबद्दलची पत्रं १७८९ मध्ये पुस्तकरूपाने आली, तिथून अमेरिकन लेखक थोरो, मग १९६२ मध्ये 'सायलेंट स्प्रिंग' लिहिणारी रेचल कार्सन, आणि त्या ओढीची शेवटची पायरी म्हणजे ही नियतकालिकं. ऐकायला सरळ वाटतं. पण व्हाइट किंवा थोरो यांना छापायला विद्यापीठ लागलं नव्हतं, आणि विद्यापीठाने यात का पडावं याचं उत्तर या मतातून मिळत नाही.

दुसरं मत समीक्षकांचं. 'इकोक्रिटिसिझम', म्हणजे पर्यावरणाच्या नजरेने केलेली साहित्यसमीक्षा, हा शब्द विल्यम रुकर्ट यांच्या १९७८ च्या एका निबंधाच्या शीर्षकात आला असं साधारण मानतात, जोसेफ मीकर यांनी त्याआधी काही वर्षं 'साहित्यिक परिस्थितिकी' असं काहीसं मांडलं होतं म्हणून काही जण मान त्यांना देतात. शब्द त्यानंतर बरीच वर्षं पडूनच होता. १९९२ मध्ये रिनो शहरात पाश्चिमात्य साहित्याच्या एका अधिवेशनात 'असल' ही साहित्य आणि पर्यावरण अभ्यासकांची संघटना स्थापन झाली आणि १९९३ मध्ये पॅट्रिक मर्फी यांनी 'आयल' हे नियतकालिक काढलं, ते नंतर त्या संघटनेचं मुखपत्र झालं आणि २००९ पासून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस छापते. या मताप्रमाणे सगळी पर्यावरण-साहित्यिक नियतकालिकं याच लाटेतली. पण 'होल टेरेन' १९९२ चं आणि 'आयल' १९९३ चं, म्हणजे धाकट्याला थोरल्याचा बाप ठरवण्यासारखं होतं. शिवाय 'आयल'मध्ये ललित लेखनाला जागा असली तरी कणा समीक्षेचा आहे.

तिसरं मत शिक्षणशास्त्राकडून येतं आणि तेच जास्त टिकाऊ वाटतं. जॉन ड्यूई यांनी विचार कसा घडतो यावरचं पुस्तक १९१० मध्ये लिहिलं आणि १९३३ मध्ये सुधारून काढलं, त्यात अडचण आल्यावर थांबून केलेल्या विचाराला शिकण्याच्या मध्यभागी ठेवलं. पन्नास वर्षांनी, १९८३ मध्ये, एमआयटीचे डोनाल्ड शॉन यांनी तीच गोष्ट व्यवसायांना लावली, वास्तुविशारद किंवा मानसोपचारतज्ज्ञ पुस्तकातला नियम लावत बसत नाही, तो करता करता विचार करतो, आणि झाल्यावर पुन्हा करतो. करतानाचा विचार आणि केल्यानंतरचा विचार हा फरक शॉनचा. कीनच्या पर्यावरण विभागात हीच हवा होती. तिथे अनेक वर्षं विभाग चालवणारे मिचेल थॉमाशो यांनी १९९५ च्या पुस्तकात 'पर्यावरणीय ओळख' ही कल्पना मांडली, म्हणजे झाडं वाचवायला निघालेल्या माणसाने आधी आपण कोण, कुठल्या नदीचं पाणी पितो, काय विकत घेतो हे तपासावं. विभागात शिकणारे बरेच जण आधीच कुठे ना कुठे काम करत असायचे. अशा माणसाला थिसिसच्या भाषेत आपली चूक सांगता येत नाही, ललित लेखात येते. म्हणून नियतकालिक साहित्यिक. १९९२ च्या जूनमध्ये रिओची वसुंधरा परिषद झाली म्हणून तिच्याशी धागा जोडायचा मोह होतो, पण तारखा शेजारी आल्या म्हणून नातं लागतंच असं नाही.

भावंडं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या विल्मिंग्टन शाखेतून २००५ साली डेव्हिड गेसनर यांनी 'इकोटोन' काढलं. नाव शास्त्रातून उचललेलं, दोन परिसंस्था जिथे भिडतात तो पट्टा म्हणजे इकोटोन, ग्रीकमधला घर आणि ताण या अर्थांच्या शब्दांचा जोड. हा शब्द १९०५ च्या सुमारास फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी रूढ केला, त्याच्या एकदोन वर्षं आधी बर्टन लिव्हिंग्स्टन यांच्याकडे तो सापडतो, आणि काही ठिकाणी तर थेट निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसचं नाव आणि १८५९ साल दिलेलं असतं, त्यावर फार विसंबू नये. पिट्सबर्गच्या चॅटम युनिव्हर्सिटीचं 'द फोर्थ रिव्हर', शहरात दिसणाऱ्या नद्या तीन, चौथी जमिनीखालचं पाणी, तिच्यावरून नाव. रेचल कार्सन याच संस्थेत शिकल्या, तेव्हा ते मुलींचं कॉलेज होतं. आयोवा स्टेटचं 'फ्लायवे', मेनमधल्या तेव्हाच्या युनिटी कॉलेजचं 'हॉक अँड हँडसॉ', वगैरे. 'ओरायन' १९८२ पासून निघतं आणि या सगळ्यांपेक्षा जास्त वाचलं जातं, पण ते विद्यापीठाचं नाही म्हणून या नोंदीच्या कुंपणाबाहेर.

स्वरूप. संपादक बहुधा तिथेच शिकणारा पदव्युत्तर विद्यार्थी, वर एखादा प्राध्यापक किंवा सल्लागार मंडळ. विद्यार्थी पदवी घेऊन गेला की संपादक बदलतो, त्यामुळे अंकांची चव दर एकदोन वर्षांनी बदलते आणि कधीकधी सालही चुकतं. मराठीत लघुनियतकालिकांच्या काळात, म्हणजे १९५४-५५ च्या 'शब्द'पासून पुढे, अशा प्रकाशनांना सरळ 'अनियतकालिक' म्हणायची सोय झाली होती, ती इथेही चालावी. आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक मात्र वार्षिकालाही मिळतो, शेवटचा अंक पडताळणीचा, हिशेबात दहा आले तर तिथे रोमन एक्स लिहितात.

भारतात विद्यापीठं या वाटेला फारशी जात नाहीत त्याचं एक कारण अगदी रुक्ष आहे. प्राध्यापकाच्या बढतीला शोधनिबंध लागतो, ललित लेख लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०१९ मध्ये आली आणि २०२५ च्या सुरुवातीला गुंडाळली गेली, तरी तेवढ्या वर्षांत यादीत नसलेल्या कशातही लिहायचं नाही ही सवय अंगात मुरून गेली. विहिरीच्या गाळावर चांगला लेख लिहिलेल्या एका शिक्षकाला 'याचे पॉइंट किती?' असं विचारलेलं मी स्वतः ऐकलंय.

गोवा. गोव्यात वहिवाट आधी आणि लेखन नंतर असा उलटा क्रम दिसतो, म्हणून ही संकल्पना इथे लावून बघणं उपयोगाचं आहे. छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात आला. १५६३ मध्ये तिथेच गार्सिया द ओर्ता या वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं, आणि ते संवादाच्या रूपात आहे, ओर्ता स्वतः आणि रुआनो नावाचा कल्पित पाहुणा फळं, मुळं, मसाले समोर ठेवून बोलत बसतात. आपल्या कामाबद्दल ललित रूपात लिहिलेलं छापील पुस्तक म्हणून काही जण त्याला या प्रकाराचा पूर्वज मानतात. ओर्ता स्थानिक वैद्यांना विचारतो, त्यांचं ऐकतो, कधी खोडतो, हे खरं, पण वहिवाट असणाऱ्यांच्या हातात लेखणी तिथे नाही. तेच १५२६ च्या फोराल या पोर्तुगीज सनदेचं. अफोन्सो मेशिया याने गावकऱ्यांच्या रीती लिहून काढल्या, पण शेतसाऱ्याच्या हिशेबासाठी.

खरी वहिवाट खाजनात आहे. मांडवी-जुवारीच्या खाड्यांना लागून बांध घालून मिळवलेल्या या जमिनी साधारण १८ हजार हेक्टर सांगतात आणि इकोटोनचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही, अर्धी नदी अर्धं शेत, पावसाळ्यात कोरगुटसारखं खारं पाणी सोसणारं भात आणि उन्हाळ्यात मासळी किंवा मीठ. सगळा खेळ मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर. दिवाडी बेटावर बांधावरून चालत गेलं की ती दिसते, चिऱ्याच्या दोन भिंतींमध्ये लाकडी दारं, वरून लटकलेली, कडी नाही कोयंडा नाही. भरती चढली की नदीचंच पाणी दाराला बाहेरून रेटून घट्ट बंद करतं, सुकती लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. दिवसातून दोनदा, कोणी हात न लावता. पण फळीला भोक पडलं, मधे ओंडका अडकला, खेकड्याने बांध पोखरला, तर तेच पाणी शेतात. म्हणून मानस राखणारा माणूस लागतो आणि त्याला पौर्णिमा-अमावास्या कॅलेंडर न बघता कळते, कारण त्या दिवसांत उधाण मोठं आणि रात्री सुकतीला मानशीच्या तोंडाशी जाळं बांधलं की मासळीही जास्त. या मासळीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते, बोली लावणाऱ्याचा हिशेब मासळीचा आणि शेतकऱ्याचा भाताचा, दार जास्त वेळ उघडं राहिलं तर एकाचा फायदा आणि दुसऱ्याचं नुकसान. कोमुनिदादीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या गावकरी संस्थांचे, नियम १९०४ मध्ये आणि पुन्हा १९६१ मध्ये संहितेत बसवले गेले, पण दाराची फळी कधी बदलायची हे कुठली संहिता सांगणार.

मुक्तीनंतरचं लेखन बहुतेक चळवळींच्या पोटातून आलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध आवाज उठवला आणि १९८० मध्ये सागरी मासेमारीचा कायदा झाला. १९८६ मध्ये गोवा फाउंडेशन उभं राहिलं, त्यांनी १९९३ मध्ये गोव्याच्या पर्यावरणाची स्थिती सांगणारा नागरिकांचा अहवाल इंग्रजीत काढला, नावात चक्क शीतकडी, म्हणजे भात आणि माशाची कढी. मराठीत वाटा मोठा तो दैनिकांच्या रविवार पुरवण्यांचा. सत्तरीतल्या केरीचे राजेंद्र केरकर देवराया, म्हादई, वाघ, लोकदैवतं यांवर तिथेच सातत्याने लिहीत आलेत. गोवा विद्यापीठ १९८५ चं, ताळगावच्या सड्यावर, आणि पावसात त्या जांभ्यावर जी इवली इवली फुलं येतात त्यांच्यावर वनस्पतीशास्त्र वेगळं लिहितं आणि भाषा विभाग वेगळं. २०२० मध्ये मोलेंच्या जंगलातून रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्ग आणि वीजवाहिनी नेण्याला विरोध झाला तेव्हा विद्यार्थी, जीवशास्त्रज्ञ आणि चित्रकार एकत्र आले, लॉकडाऊनमुळे बरंचसं काम फोनवर फिरलं, चित्रं, गाणी, पत्रं. प्रकार तोच, फक्त बांधलेला अंक नाही.

ग्रंथालयात. ड्यूई दशांश पद्धतीत, आणि हा ड्यूई मेलव्हिल, वरचा जॉन नव्हे, अशी नियतकालिकं कुठे लावायची यावर ग्रंथपाल अडतात. नैसर्गिक साधनसंपत्ती ३३३.७ मध्ये, परिस्थितिकी ५७७ मध्ये, अमेरिकन साहित्य ८१० मध्ये. मराठी साहित्याला ८९१.४६. मानस राखणाऱ्याने उद्या मराठीत आपल्या दारावर लेख लिहिला तर तो मासेमारीच्या ६३९.२ मध्येही बसतो आणि जलस्थापत्याच्या ६२७ मध्येही.