घडीच्या टपाची मागील खिडकी : दुरुस्ती व बदल

टप मागे घडी करून ठेवता येणाऱ्या मोटारीच्या कापडी टपात, चालकाला मागचा रस्ता दिसावा म्हणून बसविलेले पारदर्शक तावदान. बोलण्यात प्लॅस्टिकच्या तावदानालाही सर्रास ‘मागची काच’ म्हणतात. त्यामुळे दुरुस्तीच्या सूचना वाचताना घोटाळा होतो, कारण काचेला चालणारी काही द्रव्ये प्लॅस्टिकला मारक ठरतात. या नोंदीत ‘तावदान’ हा शब्द दोन्ही प्रकारांसाठी आणि ‘काच’ हा शब्द केवळ खऱ्या काचेसाठी वापरला आहे. तावदानाने स्वच्छ दिसावे, टपाच्या घडीत सामावावे आणि कापडाशी पाणी न शिरेल असे जोडलेले राहावे, अशा तीन अपेक्षा असतात. या तिन्ही सारख्याच चांगल्या साधणारे साहित्य मिळत नसल्याने, टपाचे कापड धडधाकट असतानाच तावदान निकामी होणे ही नित्याची बाब आहे.

पूर्वपीठिका : घोडागाड्यांच्या टपाच्या पाठीमागे लहानसे तावदान ठेवण्याची रीत मोटारीच्या आधीची असून आरंभीच्या मोटारींनी ती तशीच उचलली. १९१०–३० या काळातील अनेक उघड्या मोटारींच्या टपात धातूच्या चौकटीत बसविलेली, कडा तासलेली लहान काच आढळते. ही काच दुमडत नसे. आकार लहान असल्यामुळे ती दोन घड्यांच्या मध्ये सपाट राही. मोठ्या आणि दुमडणाऱ्या तावदानांचा, विशेषतः बाजूच्या पडद्यांतील पारदर्शक भागांचा, पहिला पदार्थ कोणता हा मात्र वादाचा विषय आहे.

या वादाचे मूळ ‘आयझिंग्लास’ या इंग्रजी शब्दात आहे. जुन्या जाहिराती आणि आठवणींत मोटारींच्या पडद्यांचे वर्णन करताना हा शब्द वारंवार येतो. तो डच भाषेतून आल्याचे मानले जाते आणि त्याचा मूळ अर्थ स्टर्जन जातीच्या माशाच्या वाताशयापासून मिळणारा जिलेटिनसारखा पदार्थ असा आहे. पुढे पातळ, पारदर्शक पापुद्र्यांच्या साम्यामुळे तेच नाव अभ्रकालाही मिळाले. मस्कोव्हाइट या अभ्रकाचे नाव ‘मस्कोव्हीची काच’ या जुन्या संज्ञेवरून पडले असून रशियात त्याची तावदाने खिडक्यांना लावीत. यावरून मोटारींचे पडदेही अभ्रकाचेच असत असे एक मत आहे. दुसऱ्या मताप्रमाणे मोटारींच्या काळापर्यंत हे नाव कोणत्याही पारदर्शक पातळ पत्र्याला लावले जाऊ लागले होते आणि पडद्यांत प्रत्यक्षात सेल्युलॉइड शिवलेले असे. साहित्याचे गुणधर्म पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अभ्रकाचा पापुद्रा थोडासा लवचिक असला तरी घडी घालताच त्याचे पदर सुटतात, सुईच्या भोकांपाशी तो चिरतो, आणि पडद्याला पुरेल एवढा मोठा निर्दोष तुकडा महाग पडतो. शेगड्यांच्या व कंदिलांच्या झरोक्यांत अभ्रक टिकले ते उष्णतेला दाद न देण्याच्या गुणामुळे. टपाला त्या गुणाचा काही उपयोग नव्हता. आगीत तग धरणारे अभ्रक आणि चटकन पेट घेणारे सेल्युलॉइड यांना एकच नाव मिळावे, हा नामांतराचा एक विचित्र नमुना म्हणता येईल.

सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट व कापूर यांचे मिश्रण. अलेक्झांडर पार्क्स यांनी १८६२ च्या लंडनमधील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडलेले ‘पार्केसाइन’ हे त्याचे पूर्वरूप, तर अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांना १८७० मध्ये त्यासंबंधीचे पेटंट मिळाले. ते पातळ पत्र्याच्या रूपात वाकते आणि शिवताही येते. परंतु उन्हाने पिवळे पडते, कापूर उडून जाताच ठिसूळ होते आणि सहज पेटते. त्याच्यामागून कमी ज्वालाग्राही सेल्युलोज ॲसिटेट आले. यूगेन बाउमान यांनी १८७२ मध्ये नोंदविलेले पॉलिव्हिनाइल क्लोराइड (पीव्हीसी) बराच काळ निरुपयोगी समजले जात होते. वाल्डो सेमन यांनी १९२६ च्या सुमारास त्याला नरम करण्याची रीत शोधल्यावर ते उपयोगात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर मागील तावदाने मोठी व टप यंत्रचलित होत गेले, तसे नरम पीव्हीसी हेच तावदानाचे मुख्य साहित्य बनले.

काचेने मात्र मैदान पुरते सोडले नाही. फोक्सवॅगन बीटलच्या उघड्या आवृत्तीत काचेचेच तावदान होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फोर्ड मस्टँगच्या टपासाठी मधल्या लवचिक सांध्यावर दुमडणारी दोन तुकड्यांची काच मिळू लागली. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत (१९८९–९७) झिपने सोडता येणारे प्लॅस्टिकचे तावदान होते, तर दुसऱ्या पिढीत तापतारा (काचेवरील दव घालविणाऱ्या, विजेने तापणाऱ्या बारीक रेघा) असलेली काच आली. पोर्शे बॉक्स्टरच्या पहिल्या पिढीने हा बदल २००३ च्या नमुन्यापासून केला. याउलट बीएमडब्ल्यू झेड-३ शेवटपर्यंत प्लॅस्टिकवरच राहिली.

प्लॅस्टिक का बिघडते : शुद्ध पीव्हीसी कडक असते. त्यात प्लास्टिसायझर म्हणजे तेलकट, नरम करणारी द्रव्ये मिसळून ते घडीयोग्य करतात. ही द्रव्ये बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) लांब रेणूसाखळ्यांशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, त्यामुळे उष्णतेने ती हळूहळू पृष्ठभागाकडे सरकून निघून जातात. परिणामी तावदान आक्रसते, ताठ होते आणि थंडीत घडी घातल्यास तडकते. दुसरी प्रक्रिया अतिनील किरणांची. त्यांच्यामुळे साखळीतून हायड्रोजन क्लोराइडचे रेणू सुटतात व त्यांच्या जागी एकाआड एक द्विबंधांच्या माळा तयार होतात. माळ पुरेशी लांबली की ती निळा प्रकाश शोषू लागते आणि तावदान आधी पिवळसर, मग तपकिरी दिसते. तिसरे कारण यांत्रिक : घडीतील धूळ दोन थरांमध्ये घासली जाऊन बारीक चरे पडतात. ओला टप घडी करून ठेवल्यास अडकलेल्या पाण्याने पांढरट ढग उठतात व बुरशीही धरते.

या तिन्हींपैकी नेमके काय झाले आहे हे ओळखण्याची एक साधी चाचणी आहे. धुरकट तावदान दोन्ही बाजूंनी ओले करावे. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे १.३३ व पीव्हीसीचा सुमारे १.५४ असल्याने, चऱ्यांमध्ये हवेऐवजी पाणी भरले की प्रकाशाचे विखुरणे बरेच कमी होते. ओले असताना तावदान स्वच्छ दिसले तर दोष पृष्ठभागाचा आहे आणि तो घासून काढता येईल. ओले असतानाही ते पिवळे राहिले तर दोष आतपर्यंत मुरलेला आहे आणि घासण्याचे श्रम वाया जाणार हे ठरलेले. ही चाचणी न करता पॉलिशच्या बाटल्या रिकाम्या करणारे पुष्कळ असतात.

उजळणी : प्रथम भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, कोरड्या फडक्याने पुसणे हेच चऱ्यांचे सर्वांत मोठे कारण आहे. अमोनियायुक्त काच-धुणी, पेट्रोल व थिनर वर्ज्य मानतात. चरे उथळ असल्यास प्लॅस्टिकसाठीचे बारीक पॉलिश मऊ फडक्याने, आतून हाताचा आधार देत, थोड्या थोड्या भागावर चोळतात. चरे खोल असल्यास १५०० किंवा २००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने पाण्याखाली घासून, मग ३००० क्रमांकाच्या पेपरवर व शेवटी पॉलिशवर येतात. प्रत्येक टप्प्यात घासण्याची दिशा आधीच्या आडवी ठेवली की मागचे चरे संपले की नाही हे दिसते. यांत्रिक चक्तीने वेग वाढतो, परंतु नरम पीव्हीसी घर्षणाने लवकर तापून ओढले जाते आणि त्यातून उठणारी लाट पुन्हा बसत नाही. उजळलेल्या पृष्ठभागावर अतिनील रोधक लेप दिल्यास परिणाम अधिक टिकतो, पण गेलेली नरम द्रव्ये त्याने परत येत नाहीत.

घडीची पक्की रेघ उन्हात किंवा कोमट हवेने तावदान नरम करून काहीशी सौम्य होते. टप उतरविण्यापूर्वी तावदान ऊबदार असावे आणि घडीत मऊ फडके ठेवावे, हा सल्ला याच कारणाने देतात. बॉक्स्टरच्या मालकांमध्ये टप अर्ध्यावर थांबवून तावदानाच्या मध्यावर तळहाताच्या कडेने हलका दाब देण्याची आणि त्यामुळे घडी योग्य जागी पाडण्याची रीत रूढ आहे. तिला ‘चॉप’ म्हणतात. तड गेलेल्या तावदानावर पारदर्शक चिकटपट्टी लावणे हा पावसापुरता उपाय होय.

प्लॅस्टिकचे तावदान बदलणे : तावदान झिपवर असल्यास काम सोपे असते. ते चौकटीसह सुटते आणि उरलेला टप जागच्या जागी राहतो. शिवलेले किंवा उच्च वारंवारतेच्या विद्युत्‌लहरींनी वितळवून सांधलेले असल्यास टपाचा निदान मागचा भाग सोडवावा लागतो. पन्हळ, दाबपट्टी, स्टेपल किंवा रिबिटे आणि ताणाच्या तारा ज्या क्रमाने निघाल्या त्याच्या उलट क्रमाने परत बसतात, म्हणून काढतानाच खुणा करून ठेवणे अत्यावश्यक ठरते.

नवा पत्रा साधारणपणे पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा घेतात. पातळ पत्रा चांगला दुमडतो, जाड पत्रा वाऱ्याने कमी फडफडतो. चकचकीत धातूच्या पाट्यांमध्ये दाबून केलेला पत्रा रुळांतून काढलेल्या पत्र्यापेक्षा कमी लहरी असतो. मागील आरशातून पाहताना हा फरक ताबडतोब जाणवत असल्याने या ठिकाणी काटकसर करू नये. जुने तावदान आक्रसलेले असते, त्यामुळे त्यालाच नमुना मानून कापल्यास नवे तावदान तोकडे पडते आणि कोपऱ्यांत चुण्या येतात. माप कापडावरील मूळ शिवणीवरून घ्यावे. काही कारागीर नवे तावदान जुन्याच्या वर ठेवून आधी शिवून घेतात व मगच जुने कापून काढतात. त्यामुळे कापडाचा आकार हलत नाही.

शिवणीत टाक्याची लांबी निर्णायक असते. टाके फार जवळ असल्यास भोकांची रांग टपाल तिकिटाच्या छिद्रांसारखी वागते आणि ताण येताच तावदान त्याच रेषेवर फाटते. म्हणून सुमारे ४ मिलिमीटरचा टाका आणि ऊन सोसणारा पॉलिएस्टरचा दोरा वापरतात. सुती दोरा कुजतो. प्लॅस्टिक शिलाई यंत्राच्या दाबपायाला चिकटून ओढले जाते. त्यावर पातळ कागद घालून शिवणे किंवा टेफ्लॉनचा पाय बसविणे हा इलाज आहे. एकदा पडलेले चुकीचे भोक बुजत नाही, त्यामुळे टाचण्यांऐवजी कडेला दुहेरी चिकटपट्टी किंवा चिमटे लावतात. कामाच्या वेळचे तापमानही महत्त्वाचे असते : कडक उन्हात सैलावलेले तावदान ताणून शिवल्यास थंडीत ते शिवणी ओढते, तर गारठ्यात शिवलेले उन्हाळ्यात झोळ धरते. संरक्षक कागद शेवटचा टाका पडेपर्यंत काढीत नाहीत.

काचेचे तावदान : येथे काच सहसा फुटत नाही, ती कापडापासून सुटते. बहुधा वरच्या कडेपासून सुरुवात होते. चिकटद्रव्य घसरताणाला (पृष्ठाला समांतर ओढीला) चांगले तोंड देते, पण सोलून काढणाऱ्या ताणापुढे ते दुबळे असते, आणि टप ताणला जाताना वरच्या कडेवर नेमका तोच ताण येतो. जलद चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद कडक व ठिसूळ होत असल्याने येथे कुचकामी ठरतो. हवेतील आर्द्रतेने घट्ट होणारे पॉलियुरेथेन, म्हणजे समोरची काच चिकटविण्यास वापरतात ते द्रव्य, अधिक योग्य मानले जाते. जुना गोंद काचेवरून पूर्ण खरवडावा, कापडावरील जलरोधक लेप संबंधित पट्टीपुरता काढावा आणि काचेच्या काळ्या मुलाम्याच्या किनारीवर प्रायमर लावावा. ही काळी किनार शोभेसाठी नसून गोंदाला अतिनील किरणांपासून आडोसा देण्यासाठी असते. चिकटविताना टप बंद, पण पुढचे आकडे सैल सोडलेले असावेत, म्हणजे कापडावर ताण येत नाही. काचेला आतून फळीचा आधार आणि बाहेरून सारखा दाब देतात. गोंद पूर्ण पक्का होण्यास काही दिवस लागतात, आणि तोवर टप उघडू नये. बहुतेक फसलेली कामे या एका अधीरतेची असतात. तापताऱ्यांची तुटलेली रेघ चांदीयुक्त विद्युत्‌वाहक रंगाने सांधता येते.

प्लॅस्टिकच्या जागी काच बसविणे काही नमुन्यांत शक्य होते. मात्र काच दुमडत नसल्याने तिचा आकार लहान घ्यावा लागतो आणि घडीत तिला सपाट जागा मिळते की नाही हे आधी तपासावे लागते.

नियम व जतन : तावदान सुरक्षा-साहित्यात मोडते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम ४३ आणि अमेरिकेतील संघीय मानक २०५ त्याला लागू होतात. मान्य साहित्यावर तशी खूण छापलेली असते, आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या मेजपोशाच्या पारदर्शक पत्र्यावर ती नसते. संग्रहालयीन मोटारींत सेल्युलॉइडचे मूळ तावदान शिल्लक असल्यास ते वेगळे काढून ठेवणे श्रेयस्कर, कारण विघटन होताना सेल्युलोज नायट्रेटमधून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे आसपासचे धातू व कापड यांनाही खातात. अशा मोटारीत सेल्युलोज ॲसिटेट किंवा पीव्हीसीचा पर्यायी तुकडा बसवून मूळ तावदान थंड, हवेशीर व ज्वालारहित जागी स्वतंत्र ठेवतात.