क्रूगर आणि ‘ग्रेटर क्रूगर’: जनावरं तीच, नियम वेगळे

दक्षिण आफ्रिकेच्या सहलीची चौकशी केली की एकाच ‘क्रूगर सफारी’चे दोन दर समोर येतात आणि दुसरा पहिल्याच्या कैक पट असतो. मग कोणी म्हणतं एजंट लुबाडतोय, कोणी म्हणतं हॉटेल भारीतलं असेल. बहुतेक वेळा जागाच वेगळी असते.

क्रूगर हे सरकारी राष्ट्रीय उद्यान. 1926 साली जाहीर झालेलं, साधारण 19,500 चौरस किलोमीटरचं. त्याच्या पश्चिम कडेला साबी सँड, टिंबावाटी, क्लासेरी अशी खाजगी मालकीची रानं आहेत. या पट्ट्याला ‘ग्रेटर क्रूगर’ म्हणतात. मधलं कुंपण 1993 मध्ये काढलं, त्यामुळे सकाळी उद्यानात दिसलेला हत्ती संध्याकाळी खाजगी रानात असू शकतो. जनावरांना हद्द नाही. माणसांना आणि गाड्यांना आहे.

ताडोबाच्या गाभ्यात आपली गाडी नेता येत नाही. जिप्सी आणि गाइड घ्यावाच लागतो. क्रूगरमध्ये उलट आहे. भाड्याची साधी कार घ्या, फाटकावर शुल्क भरा आणि स्वतः चालवत आत जा. गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे आपल्याला ते अंगवळणी पडलेलं. डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि कच्च्या रस्त्यावर 40 किलोमीटरची मर्यादा आहे. रस्ता सोडायचा नाही, ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरायचं नाही, आणि फाटक बंद व्हायच्या आत मुक्कामी पोचायचं.

उद्यानातल्या स्कुकुझा ते लोअर साबी या मुक्कामाच्या कँपांमधला नदीकाठचा रस्ता बिबट्यांसाठी प्रसिद्ध आहे, म्हणूनच गर्दीचाही. पुढे दहा-बारा गाड्या वेड्यावाकड्या थांबलेल्या दिसल्या की समजायचं, काहीतरी आहे. मग गवतात हललेली शेपटी बिबट्याची की नुसताच वारा, यावर गाडीत वाद. बिबट्या उठून झुडपात गेला की खेळ खलास, कारण रस्ता सोडून त्याच्या मागे जायला परवानगी नाही. त्यापेक्षा लोअर साबीजवळच्या सनसेट डॅमवर इंजिन बंद करून बसावं. पाणघोडे आणि मगरी रस्त्याला लागूनच असतात, कोणाच्या मागे धावावं लागत नाही.

साबी सँडमध्ये स्टिअरिंग तुमच्या हातात नसतं. उघड्या जीपमध्ये रेंजर चालवतो आणि बऱ्याच ठिकाणी बॉनेटच्या टोकाला बसवलेल्या खुर्चीवर माग काढणारा बसतो. वाळूतला ठसा ताजा की रात्रीचा, हे तो गाडी चालू असतानाच सांगतो. मोठं जनावर दिसलं तर जीप रस्ता सोडून झुडपात शिरते. एका जनावराजवळ किती गाड्या थांबतील यावर बंधन असतं. बाकीच्या वायरलेसवर आपल्या पाळीची वाट बघतात. अंधार पडल्यावरही फेरी चालूच राहते, हातातला प्रखर दिवा झाडाझुडपांवरून फिरवत. इथले बिबटे पिढ्यान् पिढ्या गाड्या बघत आलेत, ते जीपकडे ढुंकूनही बघत नाहीत. दर भारी असतो तो याचा. त्यात बहुधा जेवण आणि रोजच्या दोन फेऱ्याही येतात.

बिबट्या जवळून बघायचाच असेल, तर साबी सँडवर दोन रात्री खर्चाव्यात. मुलांबरोबर जाणाऱ्यांनी मात्र मी म्हणेन क्रूगरच. खाजगी लॉजवर अनेकदा सहा वर्षांखालच्या मुलांना जीपमध्ये घेत नाहीत. शिवाय सरकारी कँपातल्या बऱ्याच खोल्यांना छोटं स्वयंपाकघर असतं, मुगाची खिचडी टाकता येते. माकडं मात्र उघडं दार बघून आत येतात, सांभाळून.

बुकिंग करताना लॉजच्या नावातल्या ‘क्रूगर’ शब्दावर जाऊ नका, तो कोणीही लावतो. उद्यानाबाहेरच्या गावातली हॉटेलंसुद्धा. कोणत्या फाटकाने आत जायचं ते विचारा. फाबेनी, नुंबी, मालेलाने किंवा पॉल क्रूगर म्हणाले, तर ती राष्ट्रीय उद्यानाची फाटकं. शॉज, न्यूइंग्टन किंवा गौरी म्हणाले, तर साबी सँडची.