चुनकामातील रंगनिवड

चुनकाम म्हणजे कळीचा चुना पाण्यात विरवून, फडक्यातून गाळून, त्याचे पातळ हात भिंतीला देणे. तयार रंगांचे डबे घरोघर पोचण्याआधी महाराष्ट्रात आणि गोव्यात घराचा रंग ठरायचा तो आधी चुन्याला काय मानवते त्यावरून. घरच्यांची आवड त्यानंतर.

चुना तीव्र अल्कधर्मी असतो. त्यात हळद घातली तर भिंत पिवळी न होता तांबडी होते. हळदीचे कुंकू करतात ते याच गुणावर. प्रशियन निळा चुन्यात तपकिरी पडतो. टिकतात ती मुख्यतः खनिज रंगद्रव्ये : लोहाच्या ऑक्साइडामुळे रंग आलेल्या मात्या, म्हणजे तांबडी काव, तांबडा गेरू व पिवळी पिवडी, आणि कपड्यांना घालायची अल्ट्रामरीन नीळ. निळीची चिमूट पांढऱ्या चुन्यातही टाकतात, म्हणजे त्याची पिवळसर झाक मारली जाते. रंग एवढे थोडे असूनही, किंबहुना म्हणूनच, जुन्या आळीतली घरे एकमेकांना शोभून दिसतात. कोकणात आणि गोव्यात काव आणि चुना या दोघांवर एक अख्खी भित्तिकला उभी राहिली : चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा थर द्यायचा आणि तो खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा.

निवडीतला खरा अवघड भाग वाळण्याचा आहे. ओला पांढरा हात जवळजवळ पारदर्शक दिसतो, भिंत झाकलीच नाही असे वाटते. वाळता वाळता तो उमलतो. रंगीत चुन्याचे उलटे. बादलीतला गडद रंग वाळल्यावर बराच फिका पडतो. म्हणून दाराआड वीतभर पट्टा मारून तो पूर्ण वाळू द्यावा, आणि मगच पिवडी वाढवावी की चुना ते ठरवावे. ओल्या पट्ट्यावर विसंबणारा हमखास फसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचा पुन्हा चुनखडक होतो, आणि त्यासाठी ओल लागते. तापलेल्या भिंतीवर मारलेला चुना हाताला पिठासारखा लागतो. म्हणून भिंतीवर आधी पाणी शिंपडतात.

अंधाऱ्या माजघराला पांढरा चांगला. बाहेरच्या भिंतीच्या पायथ्याला गेरूचा हातभर पट्टा देतात, कारण पागोळ्यांनी उडणारे तांबड्या मातीचे शिंतोडे त्यात मिसळून जातात. हा पट्टा मला घराच्या रंगातली सर्वांत शहाणी निवड वाटते. पोर्तुगीज अमदानीत शुभ्र पांढरा रंग चर्च-कपेलांपुरता राखलेला होता, असे गोव्यात सांगतात. पणजीच्या फोंतेन्हास भागातली घरे आजही पिवळी, निळी, तांबडी आहेत आणि त्यांच्या खिडक्या-दारांच्या कडा पांढऱ्या आहेत.

आता शेडकार्डावर शेकडो छटा असतात. तरी कार्डावरचा तुकडा आणि भिंत यांत फरक पडतोच : तोच रंग मोठ्या भिंतीवर अधिक भडक वाटतो, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. तेव्हा नमुन्याचा पट्टा घरच्याच भिंतीवर मारून सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली पाहावा. जुने चुनकाम मात्र आधी खरवडून काढावे लागते. भुसभुशीत चुन्यावर थेट डिस्टेंपर किंवा प्लास्टिक पेंट दिला की त्याचे पापुद्रे सुटतात, मग छटा कितीही चांगली निवडलेली असो.