१०० टक्के कव्हरेज म्हणजे बग नाहीत? नाही हो
टेस्ट कव्हरेज १०० टक्के आलं की कोडमध्ये बग उरत नाहीत असं कित्येक वर्षं ऐकतोय, मॅनेजर लोकांना तर हा आकडा जाम आवडतो. पण कव्हरेज फक्त एवढंच सांगतं की टेस्ट चालताना कुठल्या ओळी रन झाल्या, उत्तर बरोबर आलं का हे कुणी तपासलं की नाही ते त्याला कळतच नाही. टेस्टमधले सगळे असर्ट, म्हणजे उत्तर बरोबर आहे का ते तपासणारे भाग, काढून टाका आणि कोड नुसता चालवा, कव्हरेजचा आकडा तोच राहतो!

साधं बघा, पायथनमध्ये सरासरी काढायचं फंक्शन, लिस्टची बेरीज भागिले लांबी, एकच ओळ. २ आणि ४ दिले, ३ आले, कव्हरेज १००. आता रिकामी लिस्ट द्या, शून्याने भागाकार आणि एरर.

टेस्टच तपासायच्या असतील तर म्युटेशन टेस्टिंग करा. टूल मुद्दाम कोड बिघडवतं, म्हणजे प्लसचं मायनस वगैरे, आणि तरीही सगळ्या टेस्ट पास झाल्या तर त्या बहुतेक नावालाच आहेत. जावासाठी पिटेस्ट, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर. वेळ खूप खातं बरं का, मोठ्या प्रोजेक्टमध्ये फक्त बदललेल्या फाईल्सवर चालवा. कव्हरेज रिपोर्ट मात्र फेकू नका, त्यात लाल दाखवलेल्या ओळींपर्यंत टेस्ट पोचलीच नाही एवढं तो नक्की सांगतो.