तुमचा पासवर्ड संकेतस्थळालाही ठाऊक नसतो

पासवर्ड विसरला की संकेतस्थळ नवा तयार करायला लावते. ‘जुनाच सांगून टाका की!’ असे अनेकांना वाटते. पण नीट बांधलेल्या संकेतस्थळाला तो सांगताच येत नाही, कारण तो त्याच्याकडे नसतोच.

मग आपण टाकलेला पासवर्ड बरोबर आहे, हे त्याला कळते कसे? यामागची युक्ती मला संगणकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते.

पूर्वी पासवर्ड सरळ एका फाइलीत लिहिलेले असत. १९६६ साली अमेरिकेच्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या सीटीएसएस या सामायिक संगणक यंत्रणेत दोन फाइलींची चुकून अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. जे साठवले आहे ते कधीतरी फुटणारच, हे गृहीत धरूनच पुढचा विचार झाला.

एक साधे उदाहरण घ्या: एका संख्येला ७ ने भागल्यावर बाकी ३ उरली. मूळ संख्या कोणती? १०, १७ की ९९७? बाकी काढणे सोपे, मागे परतणे अशक्य. मात्र ३ बाकी देणारी दुसरी एखादी संख्या कोणीही चटकन शोधेल. ‘हॅश’ नावाच्या गणिती क्रियेत तेही जमत नाही. एसएचए-२५६ ही अशीच एक क्रिया. ती दिलेल्या मजकुराचे बिट (म्हणजे संगणकातले ० आणि १) सरकवते, एकमेकांत मिसळते, बेरजा करते, अशा ६४ फेऱ्या घेते आणि शेवटी २५६ बिटांची एक संख्या देते. मजकुरातले एकच अक्षर बदला, त्या २५६ पैकी साधारण निम्मे बिट पालटतात. उत्तरावरून मूळ मजकुराकडे नेणारी व्यवहार्य वाट आजवर कोणाला सापडलेली नाही. संकेतस्थळ फक्त हे उत्तर, म्हणजेच पासवर्डाचा हॅश, जपून ठेवते. तुम्ही पासवर्ड टाकला की त्याचा हॅश पुन्हा काढायचा आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचे, बस्स.

चोराच्या हाती हॅश लागले तर? तो उलटा जात नाही, अंदाज बांधतो. शब्दांची यादी घ्यायची, प्रत्येकाचा हॅश काढायचा, चोरलेल्या यादीशी ताडून पाहायचा. दोघांचा पासवर्ड सारखा असेल तर हॅशही सारखाच, म्हणजे एका कष्टात दोघे सापडले. यावर बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या निबंधात तोड सांगितली: प्रत्येक पासवर्डाला हॅश करण्याआधी एक वेगळी यादृच्छिक संख्या जोडायची. तिला ‘सॉल्ट’ म्हणतात. त्यांची सॉल्ट १२ बिटांची होती, म्हणजे एकाच शब्दाची ४०९६ रूपे. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश उघड झाले, तेव्हा त्यांत सॉल्ट नव्हती!

आता वेगाचे गणित. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे सुमारे २०,९०० कोटी पासवर्ड होतात. सेकंदाला १००० कोटी एसएचए-२५६ हॅश काढणारे ग्राफिक्स कार्ड ते २१ सेकंदांत संपवते. बारा अक्षरे केली तर त्याच वेगाने ११० दिवस लागतात, सोळा केली तर १ लाख ३८ हजार वर्षे. अर्थात अक्षरे खरोखर यादृच्छिक हवीत; नाव आणि जन्मवर्ष चोराच्या यादीत आधीच असते. म्हणूनच १९९९ मधली बीक्रिप्ट आणि २०१५ ची पासवर्ड-हॅशची स्पर्धा जिंकलेली आर्गॉन२ या क्रिया मुद्दाम संथ ठेवल्या आहेत. आर्गॉन२ तर संगणकाची मेमरीही भरपूर खाते, म्हणजे चोराला हजारो प्रयत्न एकाच वेळी चालवणे महाग पडते.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याचा नियम मात्र निव्वळ अंधश्रद्धा आहे. माणसे शेवटचा १ पुसून २ करतात, एवढेच. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ सालीच ही सक्ती नको असे सांगितले; बदलायचा तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा.

हॅशची ही तटबंदी तुम्ही खोट्या पानावर स्वतःच पासवर्ड टाकलात तर कामी येत नाही. तिथे तो हॅश होण्याआधीच चोरला जातो. एकच पासवर्ड दहा ठिकाणी असेल तर त्यांतले सर्वांत निष्काळजी ठिकाण बाकी नऊ उघडून देते. म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांब पासवर्ड हवा. तो लक्षात ठेवायचे काम पासवर्ड मॅनेजरवर सोपवावे आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी (पासवर्डानंतर मागितला जाणारा कोड वगैरे) चालू करावी.

आणि एखाद्या संकेतस्थळाने ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर जुनाच पासवर्ड ईमेलने पाठवला, तर तो त्यांच्याकडे परत वाचता येईल अशा रूपात पडून आहे. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल, तिथला त्याच दिवशी बदला.