उंच स्प्रिंग आणि खालचा गोळा

नाशिकच्या जीपवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: ‘दोन इंच उंच कॉइल स्प्रिंग टाका, ग्राउंड क्लिअरन्स दोन इंच वाढतो.’ गाडी उंच दिसते, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण सलग अ‍ॅक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याने जोडलेल्या गाडीत स्प्रिंग अ‍ॅक्सलच्या वर बसतो. उचलली जाते ती बॉडी आणि चासी. ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे जमिनीपासून गाडीच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतचं अंतर, आणि तो भाग म्हणजे अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा. तो होता तिथेच राहतो. तो वर जातो मोठ्या टायरने, तोही व्यास वाढेल त्याच्या निम्माच.

घरीच मोजा. सपाट जागा, टायरमध्ये नेहमीची हवा, गोळ्याखाली टेप. स्प्रिंग बदलल्यावर पुन्हा मोजलं तर आकडा तोच येतो. हबपासून (चाकाच्या मध्यापासून) मडगार्डपर्यंतचं अंतर मात्र वाढलेलं असतं.

त्र्यंबकच्या वाटेवर गोळा घासत असेल, तर स्वस्त मिळाले म्हणूनही उंच स्प्रिंग घेऊ नका. बंपर टेकत असेल तर जरूर घ्या, पण डावा-उजवा जोडीनेच.